माडापर्यंत नेलेला पाइप

आमच्या शेजारच्या घराच्या फाटकावर संगमरवरी पाटी आहे. वर नाव, नावाखाली हुद्दा, हुद्द्याखाली 'सेवानिवृत्त'. तोंडवलीत ही पाटी वाचणार कोण? गावातल्यांना माणूस माहीत आहे, आणि सुट्टीला येणारे पर्यटक पाटी बघून हे रिसॉर्ट आहे असं समजतात आणि खोली मिळेल का विचारत आत शिरतात. मग त्यांना उन्हात उभं करून, हे खाजगी निवासस्थान आहे, हे छापील मराठीत समजावलं जातं. पर्यटकांची मला दया येते.

माणसाचं नाव रामचंद्र. पण नुसतं रामचंद्र म्हणायचं नाही, भाऊसाहेब म्हणायचं. सख्ख्या चुलतभावाने एकदा भर बाजारात 'रे रामा' अशी हाक मारली, तर त्याच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता.

मी आनंदी. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पोरं शिकवली, म्हणून गावाला मी बाई. माझं घर भाऊसाहेबांच्या घराला लागून, मध्ये फक्त गडगा, चिऱ्यांची बुटकी भिंत. त्यांच्या घराची जी बाजू रस्त्यावरून कोणाला दिसत नाही, ती माझ्या पडवीतून पूर्ण दिसते. पडवीत बसलं की मला सगळं दिसतं. समुद्रातल्या होडीवरचा बावटा कुठल्या रंगाचा आहे तेही मी या वयात सांगते.

भाऊसाहेबांचे वडील रापणीला, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जायचे. हे ते कधी सांगत नाहीत, मी सांगते, कारण त्यांच्या अख्ख्या आयुष्यात मान देण्यासारखी तेवढीच एक गोष्ट आहे. मुलगा शिकला, ओरोसच्या एका कार्यालयात कारकून झाला, चौतीस वर्षं तिथल्या क्वार्टर्समध्ये राहिला आणि निवृत्त होऊन बापाच्या जागेवर स्लॅबचं घर बांधून बसला. चौतीस वर्षांत माझ्याकडून एक चूक झाली नाही, असं ते येता जाता ऐकवतात. कशी होईल? चूक व्हायला आधी काहीतरी करावं लागतं. यांनी दुसऱ्यांनी केलेल्या कामांवर शेरे मारले. 'त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे' एवढं लिहायला पेन लागतं, अक्कल लागत नाही.

ते पेन अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. मासे घ्यायला जातानाही. बांगडा हातात घेऊन कल्ले उघडून बघतात, खाली ठेवतात, दुसरा घेतात, आणि शेवटी काही न घेता, ताजेपणाबाबत खात्री पटत नाही, असं सांगून परत येतात. विमलाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, आमटी केली तर आमटीवर शेरा. तिने केस विंचरले तर त्यावर शेरा. विमला माझ्या वयाची. लग्न होऊन आली तेव्हा हसायची, मला आठवतं.

माझ्याशी त्यांचं वाकडं केळीवरून. गडग्याला लागून माझी एक केळ आहे. तिचं एक पान त्यांच्या हद्दीत वाकतं. केळीच्या पानाला सातबारा वाचता येत नाही, त्याला मी काय करू? भाऊसाहेबांनी टेप आणून ते पान किती बोटं अलीकडे आलंय ते मोजलं आणि मला लेखी कळवलं. शेजारच्या घरातून, हातात, पाकिटात घालून. त्या दिवसापासून या माणसाबद्दल माझ्या मनात जे बसलं ते बसलं, आणि मी ते काढायचा प्रयत्नही केला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्या मुलाने, कौस्तुभने, पुण्याहून एसी पाठवला. आईला उकाड्याने झोप लागत नाही म्हणून. बापाचा त्यात काही संबंध नव्हता, पण गावात बातमी अशी गेली की भाऊसाहेबांनी वातानुकूलन यंत्रणा बसवून घेतली.

बसवायला दिव्या आली. दिव्या माझी विद्यार्थिनी. तिचा बाप शंकर दुसऱ्याच्या होडीवर जातो. पोरीने आयटीआय केलं, दोन वर्षं कुडाळात एका दुकानात हाताखाली राबली आणि यंदा स्वतःचं काम सुरू केलं. स्कूटरला शिडी बांधून फिरते. पंचक्रोशीत एसीचं काम करणारी ती एकटीच. चौथीत असताना ही पोरगी शाळेच्या नळाची गळती धोतऱ्याच्या पानांनी बांधायला गेली होती आणि मी तिचा कान धरला होता. दुसऱ्या दिवशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणून तिने तो नळ खरोखर बांधला.

भाऊसाहेबांनी आधी तिचं प्रमाणपत्र तपासलं. मग ती काम करत असताना स्टुलावर बसून राहिले. मी पडवीतून ऐकत होते. तिने पाणसळ लावून मशीन बसवलं, पाणी जायच्या बाजूला नखभर कल दिला. भिंतीत भोक पाडून पाण्याचा पाइप माझ्या बाजूला बाहेर काढला आणि हातभर खाली मोकळा सोडला. मग बाटलीभर पाणी आतल्या ट्रेमध्ये ओतलं आणि भाऊसाहेबांना बाहेर आणून दाखवलं. पाणी पाइपातून सरळ खाली आलं आणि गडग्याच्या कडेला जिरलं.

"ह्या पाइपाक हात लावू नका, भाऊसाहेब," ती म्हणाली. "पाणी खाली जाता, वर चढणा नाय. असोच मोकळो ऱ्हवांदे."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. कोणी दुसऱ्याने सांगितलेलं ऐकायची त्यांची हीच पद्धत. मान डोलवायची आणि आत काही जाऊ द्यायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

दोन दिवस एसी उत्तम चालला. विमला कधी नाही ती दुपारची झोपली. आणि दोन दिवस भाऊसाहेब बाहेर येऊन पाइपाखाली उभे राहून बघत होते. थेंब थेंब करत दिवसाला बादलीभर पाणी पडत होतं. ते जात कुठे होतं? गडग्याच्या बुडातून माझ्या केळीला.

आता एक सांगते. आमच्याकडे पाणी फुकट घालवत नाहीत. न्हाणीचं पाणी, भांडी घासल्याचं पाणी, तांदूळ धुतल्याचं पाणी, सगळं पाट काढून माडाच्या आळ्यात सोडायचं ही पिढ्यांची रीत. माझ्या आईने ओंजळभर पाणी अंगणात ओतलं तर आजी विचारायची, माड काय मेलो? त्यामुळे एसीचं पाणी माडाला न्यावं असं कोणाला वाटलं तर त्यात मी वावगं म्हणणार नाही. पण भाऊसाहेबांच्या डोक्यात माड नव्हता. त्यांच्या डोक्यात माझी केळ होती. माझं पाणी बाईच्या केळीने प्यायचं म्हणजे काय!

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बागेला पाणी घालायचा जुना पाइप काढला. एसीच्या पाइपाच्या टोकाला तो जोडला, वर चिंधी आवळून बांधली. माड घराच्या पुढच्या बाजूला. मध्ये त्यांनी मुद्दाम बसवून घेतलेल्या गुळगुळीत लाद्यांची वाट. तिच्यावरून पाइप गेला तर वाटेची शोभा जाते. म्हणून हे स्टूल घेऊन आले, विमलाला स्टूल धरायला लावलं, आणि पाइप भिंतीतल्या भोकापासून वर उचलून खिडकीच्या छज्ज्यावरून नेला, सुंभाने बांधला, तिथून घराच्या कोपऱ्याला वळवून माडाच्या आळ्यात उतरवला. टोक चिखलात खुपसून वर चिरा ठेवला. स्टूल हलवू नको, असं त्यांनी विमलाला सात वेळा सांगितलं. मी मोजलं.

छज्जा भिंतीतल्या भोकापेक्षा चांगला चार बोटं उंच आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळी गोष्ट या चार बोटांची आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी एसी आतून गळायला लागला. पाणी पुढच्या जाळीतून थेट पलंगावर. विमलाने गादी सरकवली, खाली टोप ठेवला. टोपात पाणी पडायचा आवाज माझ्या पडवीत यायचा.

मला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. त्यात कळण्यासारखं काय आहे? पाणी चढावर जात नाही हे मी तिसरीच्या पोरांना शिकवत आले. छज्ज्यावर चढलेला तो पाइप माझ्या डोळ्यांसमोर होता. काल पाइप बांधला, काल गळती लागली. दुसऱ्या कोणीही दोन आणि दोन चार केले असते. पण भाऊसाहेबांच्या हातून काही चुकू शकतं, हा विचार भाऊसाहेबांच्या घरात शिरत नाही. त्यांनी मशीनखाली उभं राहून, हात पाठीमागे बांधून, निरीक्षण केलं आणि निर्णय दिला की बसवणारीने खराब काम केलं आहे.

मी सांगायला गेले नाही. का जाऊ? सांगितलं असतं तर त्यांनी मलाच विचारलं असतं, तुमचा या विषयाशी काय संबंध. आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. संध्याकाळी चहाचा कप घेऊन पडवीत बसायचं आणि शेजारच्या खोलीत थेंब वाजताना ऐकायचे. मग भाऊसाहेबांचा आवाज, "टोप डावीकडे घे." मग विमलाचे पाय. टोप भरला की ती तो उचलून बाहेर यायची आणि कुठे ओतायची? माडाच्या आळ्यात. पाइपातून जे पाणी माडाला जायचं होतं ते बाईमाणूस गुडघे दुखत असताना हाताने वाहून त्याच माडाला घालत होती. आणि भाऊसाहेब दर सकाळी माडाकडे बघून म्हणायचे की एसीच्या पाण्याने माड तरारलाय बघ. मी कपातला चहा सांडेपर्यंत हसले एकदा.

दिव्याला बोलवावं असं विमलाने सुचवलं. भाऊसाहेबांनी ते फेटाळलं. ज्याने चूक केली त्याच्याकडूनच चौकशी कशी करायची, हा त्यांचा न्याय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुडाळहून एक मेकॅनिक आला. त्याने पुढची जाळी काढून धुतली, गॅस कमी आहे म्हणाला, गॅस भरला आणि गेला. गॅस आणि गळती यांचा काय संबंध ते त्यालाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी थेंब पुन्हा सुरू. आठ दिवसांनी तो पुन्हा आला. बाहेर जाऊन बघायचा त्रास त्याने तेव्हाही घेतला नाही. दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येकाचं एक ठरलेलं वाक्य असतं, आधीच्याने वाट लावली. ते वाक्य त्याने टाकलं. मूळ बसवणंच चुकलंय, सगळं उतरवून नव्याने बसवावं लागेल.

भाऊसाहेबांना हवं होतं ते मिळालं. त्या दुपारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा मजकूर आला. सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, आमच्या निवासस्थानी बसविण्यात आलेल्या वातानुकूलन यंत्रातून सतत पाणीगळती होत असून सदर काम निकृष्ट दर्जाचे असल्याचे तज्ज्ञांच्या पाहणीत आढळून आले आहे, तरी सर्वांनी नोंद घ्यावी. नाव लिहिलं नव्हतं. नाव लिहायची गरज काय? गावात एसी बसवणारी पोर एकच.

लोकांनी नोंद घेतली. आमचे लोक भाऊसाहेबांना पाठीमागे हसतात, पण छापील भाषेत काही आलं की घाबरतात. सुगंधाने तर लगेच घेतली. सुगंधाचं किनाऱ्यावर होमस्टे आहे. सहा खोल्या. दिवाळीला पाहुणे यायच्या आत सहाही खोल्यांत एसी बसवायचे म्हणून तिने गणपतीतच दिव्याला शब्द दिला होता. आता ती म्हणाली, थांब जरा, बघूया.

दिव्या माझ्याकडे आली तेव्हा दिवाळीला पंधरा दिवस होते. आधी ती भाऊसाहेबांकडे गेली होती. त्यांनी तिला फाटकातच थांबवलं आणि पुन्हा यंत्राला हात लावू देणार नाही असं सांगून परत लावलं. फाटकातून घराची ती बाजू दिसत नाही, माडाकडे दिसतो तो नुसता बागेचा पाइप. ती माझ्या पडवीत आली आणि नेमकी खांबाकडे पाठ करून, गडग्याकडे पाठ करून, माझ्यासमोर खाली बसली. लहानपणी वर्गात बसायची तशी. मी चहा दिला, तो तिने घेतला नाही.

"बाई, माझा काम चुकीचा नाय," ती म्हणाली. "मी पाणी ओतून दाखवलंय तेंका. सुगंधाकाकीच्या सहा खोल्यांचा काम गेला तर माका गोव्याक जावचा लागतला. थंय हॉटेलात मेंटेनन्साक बोलावतत. माका जावचा नाय, बाई."

मागे, तिच्या खांद्यावरून, तो पाइप मला दिसत होता. छज्ज्यावर सुंभाने बांधलेला, मधोमध किंचित चमकणारा. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. वळून बघ, एवढे दोन शब्द.

मी म्हटलं, मी बोलते भाऊसाहेबांशी. का नाही दाखवलं बोट? मी त्यावर नंतर पुष्कळ विचार केला. दिव्याला सांगितलं असतं तर ती आत्ताच्या आत्ता जाऊन पाइप ओढून काढणार, गळती थांबणार आणि माझा संध्याकाळचा खेळ संपणार. हे एक. दुसरं म्हणजे मला भाऊसाहेबांना स्वतः सांगायचं होतं. सावकाश, माझ्या सोयीने, त्यांच्याच भाषेत, शक्य झालं तर लेखी. पाकिटात घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोलायला म्हणून उठलेसुद्धा. गडग्याजवळ गेले तर भाऊसाहेब तिथेच उभे. माझ्या केळीचं एक सुकलेलं पान त्यांच्या हद्दीत पडलं होतं. ते पान त्यांनी दोन बोटांत धरून मला दाखवलं आणि अशा घटनांची पुनरावृत्ती होत आहे, असं म्हणाले. झालं. माझं डोकं फिरलं. गळू दे मेल्याचं छप्पर, असं मनात म्हणत मी मागे वळले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी मालवणला बाजाराला जाताना सुगंधाच्या घरावरून गेले तर आतून भिंतीला ड्रिल मारायचा आवाज येत होता. दारात कुडाळच्या मेकॅनिकची गाडी उभी होती. सहाही खोल्या त्याला दिल्या होत्या.

मी बाजार करून परत आले. कोथिंबीर विसरले म्हणून मला त्या दिवशी स्वतःचाच फार राग आला होता, कोथिंबिरीवरून एवढा राग कशाला हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी भाऊसाहेब निवृत्त कर्मचाऱ्यांच्या सभेला सकाळच्या एसटीने ओरोसला गेले. फाटकाबाहेर त्यांची पाठ दिसेनाशी झाली आणि विमला मोबाइल कानाला लावून बाहेर आली. तिने आयुष्यात नवऱ्याला न विचारता काही केलेलं मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तासाभरात दिव्याची स्कूटर आली.

"ये गो आत," विमला म्हणाली. "ते सांजेक येतले. तेच्या आधी काय ता बघ."

दिव्या आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. मशीन तिने उघडलंही नाही. नुसता टोप बघितला, ट्रेच्या कडेला हात लावून बघितला आणि थेट घराच्या बाजूला आली, जिथे स्वतः पाइप सोडला होता तिथे. तिथे उभी राहून तिने वर बघितलं. भोकापासून छज्जा, छज्ज्यापासून कोपरा. मग माडापर्यंत चालत गेली, चिरा बाजूला करून टोक चिखलातून उपसलं. टोक कोरडं होतं. वर नुसता चिखल, आत पाण्याचा पत्ता नाही. ते टोक तिने तिथेच टाकलं. मी पडवीत शेंगा निवडत होते. मान वर केली नाही, डोळे तेवढे वर.

ती परत आली, शिडी लावली, चिंधी कापली आणि जोड ओढून काढला. आत अडकलेलं पाणी भसकन बाहेर आलं आणि गडग्याच्या कडेला पडलं. घरात विमलाने टोपाखालची फरशी पुसली. थेंब थांबले होते. चार आठवड्यांची गळती आणि काम पाच मिनिटांचं.

भाऊसाहेब सांजेचे यायचे ते दुपारीच आले. सभेत गणसंख्या झाली नव्हती म्हणे. त्यांच्यासारखीच माणसं, प्रत्येकाला दुसऱ्याने यायला हवं होतं. दिव्या शिडी स्कूटरला बांधत होती. छज्ज्यावरून लोंबणारा पाइप भाऊसाहेबांना दिसला आणि त्यांची छापील भाषा गळून पडली.

"तुका कोणी बोलावल्यान?"

"मी बोलावलंय," विमला म्हणाली. दारात उभी राहून, पदराला हात पुसत.

भाऊसाहेबांनी बायकोकडे असं बघितलं की जणू कपाट बोललं. मग त्यांनी विषय पुन्हा आपल्या हद्दीत आणला. पाइप काढायची परवानगी कोणी दिली? माडाला मिळणाऱ्या पाण्याचं काय? त्या पाण्यावर माड एवढा पोसला त्याचं काय? दिव्याने शिडीची गाठ मारून पूर्ण केली आणि मग बोलली. आवाज चढवला नाही.

"भाऊसाहेब, ह्या पाइपातसून माडाक एक थेंब गेलो नाय. माडाक पाणी काकी घालतत. टोपान."

मला वाटलं होतं आता हा माणूस निदान गप्प बसेल. माझी तेवढीच आशा होती. पण ते आत गेले, चष्मा लावून बाहेर आले आणि खुर्चीवर बसून मोबाइलवर काहीतरी टंकायला लागले. माझा फोन वाजला. दिव्याचा वाजला. गावातल्या दोनशे जणांचा वाजला असणार. सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, सदर वातानुकूलन यंत्र आता सुस्थितीत असून विषय निकाली काढण्यात येत आहे. एवढंच. कोणाची चूक, कोणी काढली, ज्या पोरीला निकृष्ट म्हटलं तिचं काय, यातलं एक अक्षर नाही. चौतीस वर्षं असेच विषय निकाली काढले असतील. एवढा कोता माणूस मी दुसरा बघितला नाही, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. स्वतःची चूक समोर लोंबत असताना बघायची नाही, म्हणजे हद्द झाली.

तेवढ्यात दिव्या गडग्यापाशी आली. हात चिखलाने भरले होते, धुवायला पाणी द्या म्हणाली. मी तांब्या घेऊन गेले आणि गडग्यावरून तिच्या हातावर पाणी ओतलं. सुगंधाचं काम गेलंच होतं, ते आता परत यायचं नव्हतं. तिने मला सांगितलं की गोव्याला होकार कळवलाय, उद्याच सकाळी निघायचंय. मी म्हटलं, बरं झालं गो, निदान तुझ्या नावावरचा डाग गेला. तिने हात झटकले आणि माझ्या पडवीकडे बघितलं. माझी खुर्ची, खुर्चीशेजारी शेंगांचं सूप. मग तिथून नजर सरळ रेषेत छज्ज्यापर्यंत नेली. मी शिकवायचे तशी, पट्टी लावून रेघ ओढावी तशी.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या पडवीतसून ह्यो पाइप समोर दिसता."

विचारलं नाही तिने. नुसतं सांगितलं. हो म्हणायला मला एक क्षण होता, आणि तो क्षण चांगला लांब होता. मी शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलंय.

"माझी नजर आता पयल्यासारखी नाय गो," मी म्हटलं.

"आसतला तसा, बाई," दिव्या म्हणाली. तिने गडग्यापलीकडूनच वाकून नमस्कार केला, लहानपणापासून करते तसा, आणि जाऊन स्कूटर चालू केली. सोमवारी ती गेली.

एसी आता बरोबर चालतो. पाणी पुन्हा गडग्याच्या कडेला पडतं आणि माझ्या केळीला जातं. भाऊसाहेबांनी त्याबद्दल मला अजून काही लेखी कळवलेलं नाही. संध्याकाळी मी पडवीत बसते, चहा घेते. माझा चष्मा फक्त वाचायचा आहे. लांबचं मला अजून सगळं दिसतं.